चार्डचा कारागीर : जॉन स्ट्रिंगफेलो
(द्वितीय वर्ष, कला)

विमान म्हटले की राइट बंधूंचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. 17 डिसेंबर 1903 या दिवशी अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूवर त्यांचे यंत्र माणसाला घेऊन बारा सेकंद हवेत राहिले, हे आपण शाळेतच शिकतो. परंतु त्याआधी पंचावन्न वर्षे, इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, लेस विणण्याच्या यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या एका कारागिराने वाफेच्या चिमुकल्या इंजिनावर चालणारे विमान तयार करून ते हवेत सोडले होते. त्यात माणूस बसण्याचा प्रश्नच नव्हता. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते अवघे दहा फूट होते. त्या कारागिराचे नाव जॉन स्ट्रिंगफेलो. विमानविद्येच्या कोणत्याही इतिहासात हे नाव आढळते, पण त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याच्या विमानाचे पंख पाहतात. मला त्याच्या इंजिनाविषयी सांगावयाचे आहे.

जॉनचा जन्म 6 डिसेंबर 1799 रोजी शेफील्डजवळच्या ॲटरक्लिफ येथे झाला. योगायोग असा की त्याच वर्षी सर जॉर्ज केली या इंग्रज उमरावाने चांदीच्या एका लहान चकतीवर विमानाची आकृती कोरली होती. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवून माणूस उडू शकणार नाही. पंख स्थिर ठेवावेत आणि पुढे ढकलण्याचे काम दुसऱ्या साधनाकडे सोपवावे, हा विचार त्या चकतीवर आहे. आजचे प्रत्येक विमान याच विचारावर उडते. केलीचे घोडे अडले ते त्या दुसऱ्या साधनापाशी. पुढे ढकलणार कोण? त्या काळची वाफेची इंजिने बीडाची, अवजड, विटांच्या चौथऱ्यावर बसविलेली. त्यांनी खाणीतले पाणी उपसावे, गिरण्या चालवाव्यात. त्यांना हवेत नेण्याची कल्पनाही हास्यास्पद होती. म्हणजे ज्या वर्षी प्रश्न नीट मांडला गेला, त्याच वर्षी त्याच्या अर्ध्या उत्तरासाठी आयुष्य घालविणारा माणूस जन्माला आला.

केली जमीनदार होता. जॉनचे तसे नव्हते. लहान वयातच तो नॉटिंगहॅम येथील लेसच्या धंद्यात उमेदवार म्हणून शिरला. येथे थोडे विषयांतर करावे लागेल, कारण हा धंदा समजल्याशिवाय त्याचे इंजिन समजत नाही. हाताने विणली जाणारी जाळी यंत्रावर विणण्याची युक्ती जॉन हीथकोट याने 1808-09 च्या सुमारास शोधून काढली. या यंत्रात शेकडो बॉबिने एकमेकांना खेटून असतात. आपल्या शिवणयंत्रातल्या बॉबिनासारखी ती जाड नसतात. पितळेच्या दोन पातळ चकत्या मध्ये जोडून त्यांच्यामधल्या फटीत दोरा गुंडाळलेला असतो, आणि असे प्रत्येक बॉबिन पोलादाच्या तितक्याच पातळ चौकटीत बसते. या चौकटीला कॅरेज म्हणतात. हे बॉबिन आणि कॅरेज ताण्यांच्या दोऱ्यांमधून पुढेमागे सरकतात. एखादे जरा जाड झाले किंवा वाकले तर शेजारच्याला अडते आणि जाळी फाटते. जॉन हे बॉबिन आणि कॅरेज तयार करण्याचे काम शिकला. पातळ धातू हाताळणे, तो न वाकविता कापणे, केसाइतका फरक बोटांनी ओळखणे ही त्याची रोजची विद्या होती.

1816 मध्ये यंत्रांमुळे आपली भाकरी जाते म्हणून चिडलेल्या लोकांनी हीथकोटचा लफबरो येथील कारखाना फोडला. हीथकोट आपला धंदा घेऊन इंग्लंडच्या नैर्ऋत्येला टिव्हर्टनला गेला, आणि त्या भागात लेसच्या गिरण्या वाढल्या. सॉमरसेट परगण्यातील चार्ड हे असेच एक गाव. 1820 च्या सुमारास जॉन तेथे आला आणि जन्मभर तेथेच राहिला. संसार थाटला, मुलेबाळे झाली, धंद्यात नाव झाले. दिवसभर गिरण्यांसाठी बॉबिने आणि फावल्या वेळात वाफेची छोटी इंजिने, असा त्याचा क्रम होता. या इंजिनांची त्याला कोणी मागणी केली नव्हती. त्याला आपण छंद म्हणू, पण मला वाटते की ज्या छंदात माणूस आपले धंद्यातले सर्व कौशल्य ओततो त्याला केवळ छंद म्हणणे अपुरे आहे.

चार्डमध्येच त्याची गाठ विल्यम सॅम्युएल हेन्सन याच्याशी पडली. हेन्सनही लेसच्या धंद्यातलाच, वयाने लहान आणि स्वप्ने मोठी पाहणारा. 1842 मध्ये त्याने हवेतून पत्रे, माल व उतारू नेणाऱ्या वाफेच्या गाडीचे पेटंट मिळविले. पंखांचा विस्तार दीडशे फूट, इंजिन पंचवीस-तीस अश्वशक्तीचे, मागे ढकलणारे दोन पंखे. लगेच कंपनी काढण्याचा घाट घातला गेला आणि 1843 मध्ये त्यासाठी पार्लमेंटात विधेयकही आले. जाहिरातीसाठी चित्रे छापली गेली. त्यांत हे विमान लंडनवरून आणि इजिप्तच्या पिरॅमिडांवरून दिमाखात उडताना दिसे. प्रत्यक्षात ते अजून जमिनीवरही उभे राहिलेले नव्हते! वर्तमानपत्रांना थट्टेसाठी आयते खाद्य मिळाले. कंपनी बारगळली, पैसा आला नाही. लोकांनी हसावे हे स्वाभाविक होते असे म्हणावे लागते. आधी चित्र आणि मग यंत्र, हा क्रमच उलटा होता.

यानंतर दोघांनी शहाणपणाने वीस फूट पंखांचा नमुना करावयास घेतला. इंजिनाची बाजू मुख्यतः जॉनकडे होती. 1844 पासून 1847 पर्यंत हे काम चालले. चार्डजवळच्या एका माळावर उतरती धाव बांधून त्यावरून नमुना सोडण्याचे ठरले. बघ्यांची थट्टा टाळण्यासाठी तो प्रथम रात्री नेला, तर पंखांवरचे रेशीम दवाने भिजून लोंबू लागले. मग दिवसा प्रयोग सुरू झाले आणि ते कित्येक आठवडे चालले. प्रत्येक वेळी नमुना धावेवरून सुटे आणि हळूहळू खाली येई. इंजिन चाले, पंखे फिरत, पण स्वतःला तोलून धरण्याइतका जोर त्यात नव्हता. हेन्सनचा धीर सुटला. त्याने लग्न केले आणि तो अमेरिकेस निघून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कल्पना त्याची होती, पैसा संपला होता, आणि हसे झाले होते ते त्याच्याच नावाचे.

जॉन मात्र चार्डमध्येच राहिला. हेन्सन गेल्यावर त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने नमुना मोठा केला नाही, लहान केला. वीस फुटांचे दहा फूट केले. लोकांना विमान दाखविणे हे त्याचे उद्दिष्टच नव्हते. किती कमी वजनात किती ताकद मिळते हे त्याला पाहावयाचे होते.

या इंजिनाचे सिलिंडर पाऊण इंच व्यासाचे होते, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढे. दट्ट्याची धाव दोन इंच. पण खरे कौशल्य बॉयलरमध्ये होते. मोठ्या टाकीत पाणी भरून खाली जाळ घालण्याची नेहमीची रीत त्याने सोडून दिली. पातळ तांब्याच्या पत्र्याची उलट्या शंकूच्या आकाराची लहान लहान भांडी करून, ती चांदीच्या झाळेने एकत्र जोडून, त्यांच्याभोवती स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खेळविली. पाणी थोडे आणि त्याला तापविणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून वाफ लवकर तयार होई. बॉबिनासाठी पितळेच्या पातळ चकत्या घडविणाऱ्या हाताशिवाय हे सुचणे कठीण आणि करणे त्याहून कठीण. पंख, पंखे, इंजिन, पाणी आणि इंधन धरून सगळ्या विमानाचे वजन सव्वाचार किलोहून अधिक नव्हते.

असे लहान इंजिन चालू ठेवणे हे ते तयार करण्यापेक्षा सोपे असेल असे कोणास वाटेल, पण तसे नसते. मोठ्या इंजिनात थोडीशी वाफ सांध्यातून गळली तरी चालते. अंगठ्याएवढ्या सिलिंडरात तेवढ्या गळतीने सगळी ताकदच निघून जाते. पाणी संपले आणि दिवा जळत राहिला तर पातळ तांबे करपते. दट्ट्या सैल बसला तर वाफ निसटते, घट्ट बसला तर तापल्यावर अडकतो. प्रत्येक प्रयोगानंतर उघडा, पुसा, पाहा, पुन्हा जोडा.

हे मला पुस्तकातून कमी आणि एन.सी.सी.च्या हवाई विभागातील एका मित्रामुळे अधिक कळले. त्यांच्याकडे एरोमॉडेलिंग असते आणि अडीच घनसेंटिमीटरची छोटी इंजिने असतात. ती वाफेवर चालत नाहीत. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळलेल्या इंधनावर चालतात, आणि ठिणगीऐवजी त्यांच्या डोक्यावरच्या प्लगमधील तापलेली तार इंधन पेटविते. पण त्यांची निगा पाहिली की स्ट्रिंगफेलोची आठवण होते. उड्डाण संपल्यावर नळीतले इंधन बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावयाचे, म्हणजे आत मिथेनॉल उरत नाही. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि बेअरिंगे गंजतात. मग दोन थेंब तेल घालून हाताने चार फेरे द्यावयाचे. विमान मातीत कोसळले तर इंजिन फिरते का हे पाहण्याचा मोह आवरावयाचा, कारण आत गेलेला वाळूचा एक कण सिलिंडरवर कायमचा चरा पाडतो. आधी धुवावयाचे, मगच फिरवावयाचे. वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेले इंजिन बहुधा बिघडलेले नसतेच, आतले एरंडेल वाळून राळेसारखे चिकटलेले असते. अशा वेळी पकडीने जोर लावला तर आतला दांडा वाकतो. बेताची ऊब दिली की राळ सुटते आणि इंजिन हळूच फिरू लागते. मित्राने असे एक इंजिन माझ्यासमोर सोडविले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद होता.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. माझे वडील विहिरीवरचे ऑइल इंजिन स्वतः उघडून त्याचा नोझल साफ करतात आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतात. पण या कामाला विद्या म्हणावे असे त्यांना कधी वाटले नाही आणि, खरे सांगायचे तर, मलाही स्ट्रिंगफेलोविषयी वाचेपर्यंत वाटले नव्हते. असो.

आता 1848 सालच्या त्या प्रयोगाकडे वळू. उघड्या माळावर वारा आणि दव यांनी काय केले ते जॉनला ठाऊक होते. म्हणून त्याने चार्डमधील लेसची एक रिकामी गिरणी निवडली. तिच्यातील दालनाची लांबी बावीस यार्ड होती, म्हणजे बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. निम्म्याहून कमी अंतरात एक तार ताणून बांधली. विमान त्या तारेला अडकवून धावू द्यावयाचे आणि वेग आल्यावर ते तारेवरून आपोआप सुटावे अशी योजना होती. पहिल्या वेळी शेपटीचा कोन चुकला. विमान सुटताच नाक वर करून चढले, थबकले आणि मागे घसरून शेपटीवर आपटले. जॉनने ते दुरुस्त केले, शेपटी बदलून लावली आणि पुन्हा सोडले. या वेळी ते तार सोडल्यावर हळूहळू वर चढत गेले आणि दालनाच्या टोकाला लावलेल्या कनातीवर जाऊन आदळले. त्याच वर्षी लंडनमधील क्रेमॉर्न उद्यानात ते सुमारे चाळीस यार्ड उडाले असे सांगतात.

सांगतात, असे मी मुद्दामच लिहिले. या उड्डाणांचा तपशील आपल्याला मुख्यतः जॉनचा मुलगा फ्रेडरिक याच्याकडून मिळतो, आणि त्याने तो प्रसिद्ध केला 1892 मध्ये, म्हणजे घटनेनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. पुढच्या काळातील काही इतिहासकारांनी त्यावर शंका घेतली. तारेवरून मिळालेला वेग किती आणि इंजिनाने दिलेला किती? ते खरोखर उडाले की नुसते तरंगत गेले? प्रश्न रास्त आहेत. मुलाने बापाविषयी लिहिलेले पारखून घ्यावेच लागते. उलट, बरेच इतिहासकार आजही इंजिनाच्या विमानाचे पहिले उड्डाण म्हणून चार्डचेच नाव घेतात. माझे मत विचाराल तर, या वादात स्ट्रिंगफेलोचा मोठेपणा पणाला लावण्याची गरजच नाही. दालनाच्या टोकाला विमान वर चढत गेले की सरळ, हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही. इंजिनाचे मात्र तसे नाही. ते मोजले गेले, तोलले गेले, आणि तेही परक्यांच्या हातून.

ती संधी येण्यास वीस वर्षे लागली. मधल्या काळात जॉन गप्प राहिला. त्याने गावात छायाचित्रणाचा धंदा केला, रोग्यांच्या उपचारासाठी खिशात मावणाऱ्या विजेच्या बॅटऱ्या तयार केल्या. विमानाचे नाव काढण्यासारखे वातावरणच नव्हते. 1866 मध्ये ग्रेट ब्रिटनची एरोनॉटिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिने 1868 च्या जूनमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शन भरविले. आता अडुसष्ट वर्षांचा झालेला जॉन तेथे दोन वस्तू घेऊन गेला. एक होते एकावर एक तीन पंख असलेले नवे विमान. ते तारेवरून धावताना पाहण्यासाठी गर्दी होई, पण आगीच्या भीतीने त्याला मोकळे सोडता येत नव्हते, कारण आत दिवा जळत असे. हे तीन पंखांचे विमान पुढे पुष्कळांच्या डोळ्यांत भरले आणि त्याची चित्रे ठिकठिकाणी छापली गेली.

दुसरी वस्तू होती एक सुटे इंजिन. दोन इंच व्यासाचे सिलिंडर, तीन इंच धाव, बॉयलरसह वजन तेरा पौंड, म्हणजे सहा किलोहून थोडे कमी. ताकद एक अश्वशक्तीच्या किंचित वर. ताकदीच्या मानाने सर्वांत हलके इंजिन म्हणून सोसायटीने त्याला शंभर पौंडांचे बक्षीस दिले. ते सहा किलोचे इंजिन काखेत मारून कोणीही चालू लागला असता. केलीच्या चांदीच्या चकतीवर जी जागा रिकामी राहिली होती, तिथे ठेवण्याजोगी वस्तू त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसच्या टेबलावर होती.

बक्षिसाच्या पैशातून जॉनने सत्तर फुटांहून लांब इमारत उभारली. पुढचे प्रयोग तेथे करावयाचे होते. परंतु वय झाले होते आणि दृष्टी मंद होत चालली होती. पातळ पत्र्यावर केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाची नजर जावी यासारखे दुःख नाही. 13 डिसेंबर 1883 रोजी चार्ड येथे त्याचा मृत्यू झाला. माणूस नेणारे विमान त्याने पाहिले नाही, आणि आपण ते करू असा दावाही, हेन्सनप्रमाणे, त्याने कधी केला नाही.

त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 1889 मध्ये, अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख सॅम्युएल लँग्ली याने स्ट्रिंगफेलोचे बक्षीसपात्र इंजिन संस्थेसाठी विकत घेतले. लँग्ली मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. सूर्याची उष्णता मोजण्याचे अत्यंत नाजूक उपकरण त्याने शोधून काढले होते. त्यालाही विमानाच्या नमुन्यांनी झपाटले होते आणि त्याचेही घोडे हलक्या इंजिनापाशीच अडत होते. त्याची बॉयलरे दगा देत, पंख वाकत, एकामागून एक नमुने नदीत पडत. पाण्यातून काढावयाचे, वाळवावयाचे, दुरुस्त करावयाचे आणि पुन्हा सोडावयाचे असे काही वर्षे चालले. अखेर 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर त्याचे पाचव्या क्रमांकाचे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले आणि इंजिन थांबल्यावर अलगद पाण्यावर उतरले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होता आणि त्याने छायाचित्र घेतले, त्यामुळे या उड्डाणाविषयी वाद उरला नाही. त्या विमानातही माणूस नव्हता, आणि त्याचे इंजिन वाफेचे, सुमारे एक अश्वशक्तीचे होते.

1848 चे छोटे विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. चार्ड गावाच्या मुख्य रस्त्यावर, फोर स्ट्रीटवर, त्याची ब्राँझची प्रतिकृती उभी केली आहे.